माणसांकडे पाहू नका म्हणे!

पप्पांना जाऊन अकरा दिवस झाले होते. रविवारची दुसरी सर्व्हिस संपल्यावर मी पास्टरना गाठलं. म्हटलं, "चार महिने दवाखान्याच्या चकरा मारत होतो आम्ही. ग्रुपवर मी सात वेळा प्रार्थनेसाठी टाकलं. आपल्या चर्चमधून एक माणूस भेटायला आला नाही." मला भांडायचं नव्हतं. कुणीतरी 'चुकलं आमचं' एवढं म्हणावं, इतकीच अपेक्षा होती. त्यांनी मान हलवली, आवाज मऊ केला आणि म्हणाले, "सिस्टर, माणसांकडे पाहू नका. प्रभूकडे पाहा. माणसं निराश करणारच."

माझ्यामागे आणखी पाच-सहाजण उभे होते. स्टेजवर तिसऱ्या सर्व्हिसची मुलं गिटार जुळवत होती. मी 'थँक यू पास्टर' म्हणून बाजूला झाले. थँक यू! या दोन शब्दांची मला आजही लाज वाटते.

ख्रिस्ती घरात वाढलेल्या कुणालाच हे वाक्य नवीन नाही. पंचांच्या निवडणुकीत कॉलर धरायची वेळ आली, की हे वाक्य येतं. खजिनदाराचा हिशेब जुळेना, की येतं. कुणाची तरी सून चर्चमधल्या बायकांच्या बोलण्याला कंटाळून यायची बंद झाली, की तिच्या घरी जाण्याऐवजी हे वाक्य तिच्याकडे पाठवलं जातं. मी ते आजीच्या तोंडून ऐकलंय, पाळकांच्या तोंडून ऐकलंय आणि खरं सांगायचं तर दोन-चारदा मीही दुसऱ्यांना ऐकवलंय. आज मला या वाक्याविरुद्ध लिहायचं आहे. तुम्ही ख्रिस्ती नसाल तरी थांबा थोडं. तुमच्या मठात, विहारात, गणेश मंडळात किंवा चळवळीत याच वाक्याचं एखादं भावंड नांदत असणार.

मी मूळची नगरची. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण जिभेला वळण लागायला वेळ लागतो.) १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं मांडलं, १८४२ साली तिथूनच 'ज्ञानोदय' निघालं. आमचं घर चार पिढ्यांपासून तिथल्या एका मंडळीत. पप्पा आठवडाभर शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी उपासनेला तबल्यावर बसायचे. नोकरीसाठी मी खराडीला आले, तेव्हा घरच्या चर्चचा मला अगदी वीट आलेला होता. लांबलचक उपदेश, कटकट करणारे पंखे, आणि बाहेर पडताना प्रत्येक बाई विचारणार, "मग, यंदा लाडू कधी?" पुण्यातलं ते मोठं चर्च मला म्हणूनच आवडलं. भाड्याचा एसी हॉल, मोठी स्क्रीन, वेळेवर सुरुवात, वेळेवर शेवट. पहिल्या दिवशी हसतमुख वेलकम टीमने फॉर्म भरून घेतला आणि एक पेन दिलं. वाढदिवसाला मेसेज यायचा, त्यात माझं आडनाव चुकलेलं असायचं. मी ते कधी दुरुस्त करून घेतलं नाही. अनोळखी राहण्यात एक चैन असते आणि सोळा महिने मी ती मनसोक्त केली. तेव्हा दोष एकट्या त्यांचा नाही, हे आधीच सांगून टाकते.

मग पप्पांच्या किडन्या गेल्या. नगरला डायलिसिस सुरू होतं, पण इन्फेक्शन झाल्यावर त्यांना पुण्याला आणावं लागलं. पहिल्या रात्री मी चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. ग्रुपमध्ये ४१२ जण. सकाळपर्यंत ६३ जोडलेले हात आले, काही 'आमेन', आणि एका ब्रदरने भलत्याच विषयावरचा एक व्हिडिओ फॉरवर्ड केला. मी हात मोजले, कारण आयसीयूबाहेर रात्री दुसरं काही करण्यासारखं नसतं. कुणी दुष्ट नव्हतं त्यात. त्या ६३ जणांना मी कोण, हेच माहीत नव्हतं आणि मला ते.

तिसऱ्या दिवशी नगरहून आत्या आल्या. सख्ख्या नव्हेत, महिला मंडळातल्या. तारकपूरहून पहाटेची एसटी पकडून, खराडी बायपासला उतरून, रिक्षावाल्याशी वाद घालून. पिशवीत बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी स्वेटर. आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर एसीने माणूस काकडतो, हे त्यांना यजमानांच्या आजारपणापासून ठाऊक होतं. आल्या-आल्या त्यांनी वचन वाचलं नाही, गीत म्हटलं नाही. "तू झोप, मी बसते," म्हणाल्या. मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं ते संध्याकाळी उठले. लग्नाचा विषय त्यांनी या खेपेसही काढलाच, पण मला तो पहिल्यांदाच टोचला नाही.

आणि मग पेटीवाले काका आले. यांचं थोडं सविस्तर सांगायला हवं.

काका उपासनेला पेटी वाजवतात आणि पप्पा तबला वाजवायचे. तीस वर्षांची जोडी. चर्चचा हॉल बाहेरच्या लग्नांना भाड्याने द्यावा की नाही, यावरून एका वर्षी दोघांचं वाजलं. पप्पा म्हणत, द्यावा, छपराला पैसे लागतात. काका म्हणत, देवाचं घर आहे, मंगल कार्यालय नाही. पंचांच्या निवडणुकीत दोघे समोरासमोर उभे राहिले आणि पप्पा दोन मतांनी पडले. त्यानंतर नऊ वर्षं ते एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. गंमत अशी, की या नऊ वर्षांत दोघांनीही आपली जागा सोडली नाही. दर रविवारी शेजारी-शेजारी बसायचे, काका सूर द्यायचे, पप्पा डग्गा जुळवायचे, 'उपासना संगीत' उघडायचं, आणि लय कधी चुकली नाही. नाताळच्या गायनफेरीत एकाच टेम्पोत उभे. सगळं नगर हसायचं.

काका दवाखान्यात आले तेव्हा पप्पांना वॉर्डात हलवलं होतं. दाढी वाढली होती. काकांनी बराच वेळ पाहिलं आणि खाली जाऊन रेझर, साबण, वाटी घेऊन आले. टॉवेल गळ्याभोवती बांधून त्यांनी पप्पांची दाढी केली. गालावर हात ठेवून, त्वचा ताणून, अगदी हळू. पप्पा डोळे मिटून होते. मधेच म्हणाले, "छप्पर गळतंय का अजून?" काका म्हणाले, "गळतंय. हॉल भाड्याने दिला असता तर झालं असतं." एवढंच. माफी मागणं नाही, गळ्यात पडणं नाही. त्यानंतर पप्पा जाईपर्यंत काका दर बुधवारी आले.

मी त्यांना नंतर विचारलं, कसं काय आलात? ते म्हणाले, "अगं, तीन रविवार तबल्याची जागा रिकामी. मला सूर लावता येईना."

आता सांगा, मी माणसांकडे पाहायचं नाही, तर कुणाकडे पाहू? त्या चार महिन्यांत देव माझ्याकडे आला असेल, तर तो एसटीने आला होता आणि त्याच्या हातात दाढीची वाटी होती.

आपण मराठी ख्रिस्ती लोक चर्चला काय म्हणतो, हे कधी नीट ऐकलंय का? मंडळी. पहिल्या भाषांतरकारांसमोर एक ग्रीक शब्द होता, ज्याचा अर्थ बोलावून एकत्र केलेली माणसं. त्यासाठी मराठीत देऊळ, मंदिर, सभागृह असं काहीही चाललं असतं. पण बायबलात रुळला तो मंडळी. घरी पाहुणे आले की 'या मंडळी' म्हणतो, पंगतीत 'मंडळी, सावकाश' म्हणतो, तोच शब्द. माणसं वजा केली तर या शब्दात काही उरतच नाही. इमारतीला मंडळी म्हणता येत नाही, यूट्यूब चॅनेललाही नाही. आता आम्ही सगळे 'चर्च' म्हणतो, आणि चर्चला जाता येतं, चर्च बदलता येतं, चर्च लाइव्ह पाहता येतं. मंडळीला 'जाता' येत नाही, मंडळीत असावं लागतं.

'माणसांकडे पाहू नका' म्हणणाऱ्यांना बायबल फार प्रिय असतं, म्हणून त्यांच्याच मैदानात जाते. मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढा. कफर्णहूमातला तो पक्षाघाती माणूस. त्याला चौघे उचलून आणतात, गर्दीतून वाट मिळत नाही म्हणून सरळ छप्पर उघडतात आणि त्याला बाजेसकट खाली सोडतात. येशू कुणाचा विश्वास पाहतो? मजकूर स्पष्ट आहे: त्यांचा. छप्पर फोडणाऱ्यांचा. आजाऱ्याचा विश्वास किती होता, हे कुणी विचारलेलं नाही. बिचाऱ्याला कदाचित संकोचच वाटत असेल. इथे येशूच माणसांकडे पाहतोय! गेथशेमाने बागेतही तो एकटा प्रार्थनेला जात नाही. पेत्र, याकोब, योहान यांना बरोबर नेतो आणि माझ्यासोबत जागे राहा, असं विनवतो. ते झोपतात. माणसं निराश करतात हे त्याला आपल्यापेक्षा आधी कळलं, तरी त्यावर 'मी आता फक्त पित्याकडे पाहतो' असा निष्कर्ष त्याने काढला नाही. झोपाळूंनाच घेऊन पुढे गेला.

पौलाची पत्रं आपण सिद्धांतांसाठी वाचतो. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पंचवीसेक माणसांची नुसती नावं आहेत: हिला सलाम सांगा, त्याला सलाम सांगा, अमक्याच्या आईला सांगा, ती मलाही आईसारखीच. या अध्यायावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी कैदेतला पौल म्हणतो, की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये आणि जमल्यास हिवाळ्याआधी ये. थंडी वाजतेय, मित्र हवाय. एवढ्या मोठ्या प्रेषिताला कुणी सांगितलं नाही, की ब्रदर, माणसांची वाट पाहू नका.

मान्य आहे, त्या वाक्यात अर्धं सत्य आहे. एखाद्या पाळकाने पैसे खाल्ले म्हणून देवावर रुसू नये, हा त्याचा मूळ अर्थ. दुखावलेल्याने स्वतःला समजावण्यासाठी ते ठीक आहे. पण दुखावणाऱ्याने, किंवा दुखावणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने ते उच्चारलं की त्याची सुटका होते. दुधात पाणी घालणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला समजवावं, बाबा रे, गाईकडे पाहा, माझ्याकडे नको.

मोठ्या चर्चना हे वाक्य सोयीचं का असतं, याला एक साधं व्यावहारिक कारण आहे. वेळापत्रक. पहिली सर्व्हिस साडेआठ ते दहा, दुसरी साडेदहा ते बारा, तिसरी साडेबाराला. मधल्या अर्ध्या तासात एक लॉट बाहेर काढायचा, दुसरा आत घ्यायचा, पार्किंग रिकामं करायचं. जाकीट घातलेली मुलं दारात उभी राहून गोड आवाजात सांगतात, 'कृपया गेटजवळ थांबू नका.' आता विचार करा, मैत्री होते कधी? उपदेशाच्या वेळी तर नाहीच. ती होते उपासना संपल्यावर, गेटजवळ थांबल्यावर. चपला घालताना, 'कामाचं काय झालं', 'बाळाचा ताप उतरला का', 'चल, घरी चहाला' या बोलण्यात. सगळ्या कार्यक्रमातून नेमकी तीच पंधरा मिनिटं या लोकांनी छाटून टाकली आणि त्या जागी 'फेलोशिप' नावाचा बोर्ड लावला. फेलोशिप म्हणजे कागदी कपातला चहा आणि दोन बिस्किटं. तीही चालता चालता.

नगरच्या किंवा कुठल्याही जुन्या चर्चनी यावर खूश होऊ नये. तुमच्याकडे ती पंधरा मिनिटं अजून आहेत, पण ती जातात कशात? जमिनीच्या केसची तारीख, कुणाच्या गटाचे किती पंच, पाळकाची बदली कुणी केली. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. एवढेसे आपण, आणि त्यातही एकमेकांवर कोर्टात दावे.

लॉकडाऊनमधल्या लाइव्ह उपासनांना मी नावं ठेवणार नाही. २०२० साली माझ्या आजीला मोबाइलवर तिच्या पाळकांचा चेहरा दिसायचा आणि ती पदर डोक्यावर घेऊन मोबाइलसमोर उभी राहायची. अंथरुणाला खिळलेल्यांना ती सोय कायम राहिली पाहिजे. पण मी धडधाकट पोरगी रविवारी गादीत लोळत, उपदेश दीडपट वेगाने पळवत, मधेच बिर्याणी ऑर्डर करत 'चर्च अटेंड' करत होते, त्याला काय म्हणायचं? पुढे ढकलण्याचं बटण उपदेशाला असतं. आत्यांना ते नसतं, आणि आत्यांचा सगळा उपयोग तिथेच आहे.

मैत्री हा आपल्याकडे चर्चचा बोनस समजला जातो. मिळाली तर छान, न मिळाली तर प्रभू आहेच. इतिहास तसं सांगत नाही. पहिल्या पिढीने बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांनी काय गमावलं? भावकी, सोयरीक, पाणवठा, अंत्ययात्रेला खांदा. ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचं घर फुटलं. लक्ष्मीबाई काही वर्षं मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलं असेल तर आठवेल, त्या बाईंची खरी लढाई धर्मतत्त्वांशी नव्हतीच फारशी. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या पंगतीला बसायचं, याची होती. ती लढाई त्या ज्या विनोदाने सांगतात त्याला तोड नाही. नगर जिल्ह्यात पुढे जे ख्रिस्ती झाले, ते बहुतेक महार आणि मांग समाजातले. गावकुसाबाहेरच्या या माणसांना नव्या धर्माने आधी काय दिलं असेल, तर शेजारी बसणारं माणूस. त्यांच्यासाठी मंडळी ही आठवड्याची तास-दीड तासाची सेवा नव्हती, ती नव्याने मिळालेली भावकी होती.

टिळकांना हे पुरतं उमगलं होतं. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. चर्चच्या हजेरीपटापलीकडचं बंधुत्व त्यांना हवं होतं. दोन वर्षांत, १९१९ साली ते गेले आणि दरबार तसाच राहिला. आम्ही त्यांची भजनं दर रविवारी म्हणतो, पण दरबाराचं नाव माझ्या वयाच्या दहा ख्रिस्ती मुलांना विचारा, एकालाही सांगता यायचं नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई जुन्या मंडळीचं फार गोड चित्र रंगवतेय. थांबा, कडू भाग माझ्याचकडून ऐका. सगळं सोडून ख्रिस्ती झालेल्या आमच्या घरांत आजही लग्न ठरवताना दबक्या आवाजात विचारतात, 'मूळचे कोण?' पंगत एक झाली, सोयरीक एक व्हायला अजून किती पिढ्या लागणार, देव जाणे. आणि जवळीक म्हणजे पाळत, असंही कितीतरी जणींच्या वाट्याला येतं. माझी संडे स्कूलपासूनची मैत्रीण एका ख्रिस्ती नसलेल्या मुलाच्या प्रेमात पडली. ती कोणत्या बसला चढते, कुठल्या कॅफेत बसते, याची बातमी तिच्या आईकडे तिच्याआधी पोहोचायची. महिला मंडळात तिच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना झाली. प्रार्थनेच्या नावाखाली चहाड्या करण्यात आम्ही पटाईत आहोत. ती गेली. चर्चमधून गेली, गावातून गेली, आणि मीही तिला तेव्हा फोन केला नाही. मला तर वाटतं, मोठ्या चर्चमधल्या त्या गार अंधारात जे तरुण येऊन बसतात, त्यातले अर्धे असेच होरपळून आलेले असतात. त्यांना सावली हवी असते, त्यात चूक काय?

पण पाळत आणि मैत्री एकच, असं म्हणून दोन्ही फेकून देता येत नाहीत. तिच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं. तिच्याशी बसून बोलणारं कुणी नव्हतं. त्या पन्नास बायकांत तिची एक जरी मैत्रीण असती, म्हणजे मी असते, तर ती कदाचित त्याच मुलाशी लग्न करून दर नाताळला घरी आली असती. माणसांकडे जास्त पाहिल्याने ती गेली नाही. कुणी तिच्याकडे नीट पाहिलंच नाही.

एक गोष्ट मला अलीकडे कळली. नगरच्या आमच्या एका निवृत्त पाळकांना भेटायला गेले होते. सलाम केला, चहा झाला, आणि मी माझं हे भांडण त्यांच्यापुढे मांडलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्हाला सुरुवातीलाच बजावलं होतं, मंडळीत कुणाशी फार सलगी करू नका. पक्षपात होतो. दर काही वर्षांनी बदली. छत्तीस वर्षांच्या सेवेत माझ्या घरी सहज म्हणून येऊन बसणारा एक माणूस नव्हता." त्यांच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "आणि मला एक बाई नव्हती." मला पुण्याच्या पास्टरांचा तो मऊ आवाज आठवला. माणसं निराश करतात, हे ते अनुभवानेच म्हणाले असतील. त्यांना कोण भेटायला जातं? माझा राग गेला नाही, पण त्याचा पत्ता थोडा बदलला.

मैत्रीची ही धास्ती फार जुनी आहे. मठांमध्ये 'खास मैत्री'विरुद्ध शतकानुशतकं ताकीद दिली जायची. दोघांची गट्टी जमली की तिसरा एकटा पडतो, कंपू होतो, आणि काय काय होतं. भीती अगदीच खोटी नव्हती. ग्रुपबाजी आपणही पाहतो. पण त्याच मठांच्या जगात, बाराव्या शतकात, इंग्लंडमधल्या रीव्हो मठाचा प्रमुख एल्रेड याने आध्यात्मिक मैत्रीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि मैत्री ही देवाकडे जाण्याची वाट आहे, आडवाट नाही, असं ठामपणे मांडलं. त्याच्या हाताखाली मठात माणसांची मोठी गर्दी होती. एवढ्या गर्दीत राहून त्याला हे सुचलं, याचं मला अप्रूप वाटतं. जर्मनीत नाझींच्या काळात डीट्रिख बॉनहॉफरने एक छोटी सेमिनरी चालवली. १९३७ साली गेस्टापोने ती बंद पाडली, आणि तिथल्या एकत्र जगण्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक १९३९ साली आलं. त्यात तो बजावतो, की आदर्श संगतीच्या स्वप्नावर जो प्रत्यक्ष माणसांपेक्षा जास्त प्रेम करतो, तो ती संगतच मोडतो. हे मला लागू पडतं. मीही नगरच्या मंडळीला स्वप्नातल्या मंडळीशी ताडून सोडलं होतं, आणि पुण्यात स्वप्न एसीत बसलेलं मिळालं.

मग मी काय केलं? काही क्रांती नाही. मोठं चर्च सोडलं, पण त्याआधी तिथून एक मुलगी उचलली. ती माझ्याच रांगेत, माझ्याच बाजूला वर्षभर बसायची आणि मला तिचं नाव माहीत नव्हतं. ती नागपूरची, पीजीमध्ये राहते. तिच्या ओळखीचा एक, त्याच्या ओळखीचे दोघे, माझी वसईची कॅथलिक सहकारी, आणि एक विधुर गृहस्थ, वय वर्षं अडुसष्ट. आम्ही सहा-सात जण दर गुरुवारी वडगाव शेरीत माझ्या वन-रूम किचनमध्ये जमतो. एक गीत, थोडं वाचन, मग खिचडी. पहिले दोन महिने भयंकर अवघड गेले. कुणी खरं बोलेना. 'प्रार्थनेसाठी काही विषय?' म्हटलं की सगळे देशासाठी आणि पावसासाठी प्रार्थना करायचे. तिसऱ्या महिन्यात नागपूरची मुलगी भांडी घासता घासता म्हणाली, की तिची नोकरी जाऊन सात आठवडे झालेत आणि घरी सांगितलेलं नाही. त्या गुरुवारी आम्ही पावसासाठी प्रार्थना केली नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी, म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांनी, तिच्या पीजीचं भाडं भरलं आणि तिने ते घ्यावं म्हणून तिच्याशी तासभर हुज्जत घातली.

भांडणं होतात. वसईची म्हणते, तुम्ही प्रोटेस्टंट फार बोलता, जरा शांत बसायला शिका. एकजण दोन महिने रुसला होता. त्याच्या घरी जाऊन दोघांनी त्याला शिव्या घातल्या आणि आणलं. हे सगळं कटकटीचं आहे, वेळखाऊ आहे, आणि एका पाळकाला हजार माणसांबरोबर करता येणारं नाही. म्हणूनच ते पाळकाचं काम नाही, आपलं आहे. पाळकांनी फक्त दोन गोष्टी कराव्यात: गेटजवळ थांबणाऱ्यांना हाकलू नये, आणि ते वाक्य बोलणं बंद करावं. वार्षिक अहवालात हजेरी, दशांश, नवे बाप्तिस्मे यांचे आकडे असतात. त्यात एक रकाना वाढवा, की यंदा आपल्या मंडळीत किती जणांनी किती जणांच्या घरी जेवण केलं. आकडा वाचताना सगळ्यांच्या माना खाली जातील, पण छापा.

माझ्या वयाच्या वाचकांना मात्र वेगळं विचारायचं आहे. या रविवारी तुम्ही गेला नाहीत, तर कुणाला सूर लावता येणार नाही? असं कुणी नसेल तर चर्चला नावं ठेवण्याआधी, माझ्यासारखंच, आपण स्वतः किती रिकाम्या जागा ओळखतो ते बघा. संडे स्कूलमधल्या त्या मैत्रिणीला मी अखेर फोन केला, सहा वर्षांनी. ती आधी ओळखच दाखवेना. मग म्हणाली, "आत्ता आठवण आली होय?" आणि दीड तास बोलली. तिला एक मुलगा आहे. तिने माफ केलंय असं काही ती म्हणाली नाही. पुढच्या वेळी तिने फोन केला, मिक्सरच्या दुकानाचा नंबर हवा होता म्हणून.

गेल्या नाताळला नगरला गेले होते. पप्पांचा तबला काकांनी स्वतःच्या पैशाने मढवून घेतलाय आणि दहावीतल्या एका पोराला शिकवायला घेतलाय. पोरगा लय पळवतो, काका पेटी थांबवून त्याच्याकडे रागाने पाहतात, सगळी मंडळी थांबते, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू. हॉल आता लग्नांना भाड्याने देतात. तो ठराव काकांनीच मांडला. छपराचं काम निम्मं झालंय, उरलेल्याचा हिशेब खजिनदार देत नाहीत म्हणून काका त्यांच्याशी ऑगस्टपासून बोलत नाहीत. गायनफेरीला दोघे एकाच टेम्पोत होते.